२६ फुटी शिडाच्या बोटीवर टॉयलेट: पोर्टा पॉटी, हातपंपाचं की कोरडं?

उलटा_वारा (धागाकर्ता)

बोट २६ फुटी, फायबरची, मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यात पक्क्या नांगरलेल्या बोयाला बांधलेली). वापर ऑक्टोबर ते मे. शनिवार-रविवार मांडवा किंवा मुरूड, हंगामात एखादी मालवण फेरी. बोटीवर बहुतेक वेळा दोघं, क्वचित चौघं.

डोलकाठीच्या पुढे उजव्या अंगाला जुन्या टॉयलेटची जागा आहे. रुंदी ६२ सेंमी, खोली ७०, फळीपासून छतापर्यंत १३०. हातपंप गेलाय, पाइप लाकडासारखे कडक झालेत. तळात दोन सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व) आहेत: पाऊण इंची पाणी आत घेणारा, दीड इंची बाहेर टाकणारा. दोन्ही हलत नाहीत. टाकी नव्हतीच, सगळं थेट समुद्रात जायचं.

तेच परत बसवू, पोर्टा पॉटी (खालची टाकी सुटी करून उचलून नेता येणारं टॉयलेट) ठेवू, की ते अमेरिकेत चालतं ते कोरडं घेऊ? आणखी एक. आम्ही पाणी वापरणारी माणसं, कागद नाही. त्याने निवड बदलते का? बाहेरच्या लोकांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळत नाही.

नाखवा_क्र_२

भांडं कुठलं हा शेवटचा प्रश्न. मैला बोटीवरून उतरणार कसा, ते आधी ठरवा. हातात उचलून न्यायचा, किनाऱ्यावरच्या पंपाने उपसून घ्यायचा, किंवा लांब समुद्रात सोडायचा. मुंबईच्या मुरिंगवर उपसायला कोणी येत नाही. मांडव्याला नांगर टाकून रात्र काढायची तर समुद्रात सोडणंही बाद. राहिलं उचलून नेणं. म्हणजे पोर्टा पॉटी.

आता माप. खालच्या टाकीत २१ लिटर मावणारी मोठी (थेटफर्डची ३६५ वगैरे) साधारण ४१ सेंमी उंच असते, १० लिटरवाली ३३५ साधारण ३१ सेंमी. तुमच्या १३० सेंमीत मोठी ठेवली तर बसल्यावर डोक्यासाठी ९० सेंमीच्या आसपास उरतात. जेमतेम. घेण्याआधी त्या जागेत ४१ सेंमी उंचीचं खोकं ठेवून बसून बघा, पाठ वाकते का, गुडघे कुठे लागतात.

तरी मी लहानच घ्या म्हणेन. २१ लिटरची टाकी भरली की भांड्यासकट २५ किलोच्या घरात जाते. ती कॅबिनच्या पायऱ्यांवरून वर काढून, हलत्या डिंगीत (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत) उतरवून, धक्क्यावर चढवायची आहे. १० लिटरवाल्या दोन खालच्या टाक्या ठेवणं जास्त शहाणपणाचं. एक भरली की अदलाबदल.

फळीवर नुसती ठेवू नका. १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीने फळीला चिकटवा आणि त्यावर कंपनीच्या पकडपट्ट्या स्क्रूने बसवा. स्क्रूची लांबी प्लायच्या जाडीपेक्षा कमी. थेट फळीतून लांब स्क्रू मारला की खाली पाण्याची टाकी नाहीतर बोटीचा तळच असतो.

खारफुटी

पाण्याचा प्रश्न धागाकर्त्याने बरोबर विचारलाय. हिशोब करू.

एका माणसाची दिवसभराची लघवी दीड लिटरच्या आसपास. फ्लशचं पाणी, काटकसरीने, पाच वेळचं मिळून दीड लिटर. मैला पाव लिटरच्या आत. धुवायला मगाने जपून घेतलं तर ३०० मिली. बेरीज साडेतीन लिटर. दोघांचे सात. म्हणजे १० लिटरची टाकी दीड दिवस, २१ लिटरची तीन दिवस.

आता घरातल्यासारखा जेट स्प्रे लावला तर एका बैठकीला दीड-दोन लिटर सहज जातात आणि शनिवारी संध्याकाळीच टाकी भरते. त्यामुळे स्प्रे नको. अर्ध्या लिटरची दाबता येणारी बाटली घ्या, वाकडी चोच असलेली. १५० ते २०० मिलीत काम होतं. बाटली भिंतीला रिंगमध्ये अडकवा, नाहीतर बोट कलली की ती जाते बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत).

उलट बाजूने पाहिलं तर पाणी वापरणाऱ्याचा फायदाही आहे. बोटीवरची टॉयलेटं तुंबतात त्यात कागदाचा वाटा मोठा. तो आपल्याकडे नाहीच.

सोलंटकर

नाखवा, मालवण फेरी विसरलात. पाच-सहा दिवस दोघं म्हणजे खारफुटींच्या हिशोबाने ३५ ते ४० लिटर. जयगड, देवगड करत जाताना दर दीड दिवसाला डबा घेऊन गावात संडास शोधत फिरणार का?

इंग्लंड-युरोपात लहान बोटींवर ही रचना सर्रास दिसते. हातपंपाचं मरीन टॉयलेट, त्याचा दीड इंची पाइप वर चढून ४० लिटरच्या टाकीच्या माथ्यात शिरतो. टाकी शक्य तितकी उंच, कपाटात, बोटीच्या कडेला टेकून. टाकीच्या बुडातून दीड इंची पाइप सरळ खाली सीकॉकला. सीकॉक बंद असेल तर टाकी भरते, लांब समुद्रात उघडला की स्वतःच्या वजनाने रिकामी होते. उपसायला वेगळा पंप नाही, दोन तोंडांचा व्हॉल्व नाही, वीज नाही. डेकवर ३८ मिमीचं उपसा-तोंड काढून ठेवलं की पुढे कधी मरिनात (सोयी असलेल्या बोटींच्या धक्क्यावर) गेलात तर तेही काम होतं.

टाकी पॉलिथिलीनची, जाड भिंतीची. ॲल्युमिनियम नको, लघवीने खड्डे पडतात. स्टीलही वेल्डपाशी गळतं.

एक सावधगिरी. टाकी उजव्या अंगाला आणि बोटही उजवीकडे कलली तर टाकी पाण्याच्या पातळीजवळ येते. त्या वेळी सीकॉक उघडा असेल तर समुद्र टाकीत शिरतो. रिकामी करायची ती बोट सरळ असताना किंवा डावीकडे कललेली असताना, आणि लगेच बंद.

नाखवा_क्र_२

लांब समुद्र म्हणजे किती लांब ते सांगा की. मार्पोलच्या (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) चौथ्या परिशिष्टात प्रक्रिया न केलेला मैला सोडायला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे आणि किमान ४ नॉट वेगात असावं लागतं. तो नियम ४०० टन आणि त्यावरच्या, किंवा १५पेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय फेरीच्या जहाजांना आहे, २६ फुटीला नाही. पण माप म्हणून तोच धरावा. मुरूडला जाताना कोण १२ मैल बाहेर जातं? तुमची टाकी भरलेलीच परत येईल आणि मुरिंगवर ती उचलताही येत नाही. मालवणला तर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ बघायला जायचं आणि त्यावरच सोडायचं का?

सोलंटकर

मान्य, शनिवार-रविवारवाल्याला टाकी जास्त होते. पण मालवण फेरीत बाहेरून लांब पल्ला मारताना १२ मैल मिळतात. मी दोन्ही बाजू मांडतोय.

चेसापीकचा_कावळा

अमेरिकेतून. इथे किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही आणि चेसापीकचा उपसागर पूर्ण त्या आत. बसवलेलं टॉयलेट असेल तर टाकी किंवा प्रक्रिया यंत्र लागतंच, थेट बाहेर जाणारा व्हॉल्व कुलूप किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याने बंद ठेवावा लागतो. पोर्टा पॉटी बसवलेली धरत नाहीत, म्हणून लहान बोटींवर ती खूप. बाल्टिककडे स्वीडनने २०१५पासून लहान बोटींनाही पाण्यात सोडायची बंदी केली.

कोरड्याबद्दल, कारण इथे ते लोकप्रिय आहे. एअर हेड, नेचर्स हेड ही दोन नावं ऐकली असतील. तत्त्व एकच: लघवी पुढे बाटलीत, मैला मागे डब्यात, डब्यात ओलसर कोकोपीट, बाजूला दांडा फिरवून ढवळायचं, १२ व्होल्टचा चिमुकला पंखा सतत हवा बाहेर काढतो. तळाला भोक नाही, पाइप नाही. दुर्गंधीचं मूळ म्हणजे लघवी आणि मैला एकत्र होणं, तेच टळतं. पंखा ०.१ अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला अडीच अँपिअर-तासाच्या आत. लहान सोलर पॅनेल पुरतं.

आता पाणी. तिथेच घोडं पेंड खातं. धुण्याचं पाणी मागच्या डब्यात गेलं की कोकोपीटचा चिखल होतो, हवा खेळत नाही, वास सुटतो आणि माश्या होतात. पाणी वापरणाऱ्याने कोरडं घ्यायचं तर आधी कागदाने पुसून, कागद वेगळ्या पिशवीत टाकून, मग थोडं पुढे सरकून बाटलीच्या बाजूला धुवावं लागतं. बाटली साधारण आठ लिटरची, दोघांना दोन-अडीच दिवस पुरते, धुण्याच्या पाण्याने ती त्याहून लवकर भरते. चार पाहुण्यांना हे शिकवून बघा.

आणि नावाला भुलू नका. डब्यात खत होत नाही, नुसतं वाळतं. खरं खत व्हायला पुढे कित्येक महिने लागतात.

खारफुटी

+१. त्यात कोकणातली दमट हवा. वाळण्यावरच चालणारं यंत्र ८० टक्के आर्द्रतेत अर्धं लंगडं. कोकोपीट मात्र आपल्याकडे स्वस्त: ६५० ग्रॅमची वीट भिजवली की सुमारे आठ लिटर होते.

उलटा_वारा

कोरडं बाद. पोर्टा पॉटी की टाकीवालं हे ठरेपर्यंत दोन गोष्टी विचारतो. अडकलेले सीकॉक कसे सोडवायचे? आणि मरीन टॉयलेट बसवायचं झालं तर पाइपांची रचना नेमकी कशी? समुद्राचं पाणी भांड्यात येऊ नये म्हणून पाइपाला उलटा यू देतात म्हणे, जुन्यात तो कुठेही दिसत नाही.

पाना_पक्कड

सीकॉक आधी. बोट पाण्यात असताना अडकलेल्या सीकॉकला हातोडी लावू नका. दांडा हलत नाही म्हणून जोर लावतात आणि शेपटीच तुटते. ६० सेंमी खोलीवर दीड इंची भोकातून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. लहान बिल्ज पंप, ज्यावर ताशी ५०० गॅलन लिहिलेलं असतं, तो कागदावर मिनिटाला ३१ लिटर फेकतो. प्रत्येक सीकॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, आज, टॉयलेट कुठलंही घ्या.

बोट पावसाळ्याआधी वर काढाल तेव्हा ते काढूनच टाका, सोडवत बसू नका. काढल्यावर धातू कानशीने घासून बघा. गुलाबी-लालसर दिसला तर त्यातलं जस्त गेलंय, नुसतं स्पंजासारखं तांबं उरलंय. हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व समुद्राच्या पाण्यात असाच मरतो, वरून चकचकीत दिसत असतानाच. नवा घ्याल तो ब्राँझ, डीझेडआर पितळ (जस्त न सोडणारं) किंवा मेरेलॉनचा (एक मजबूत प्लास्टिक).

आता पाइप. टॉयलेटच्या भांड्याची कड पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा तिच्या जवळ असेल, आणि २६ फुटीत असतेच, तर दोन्ही पाइपांना व्हेंटेड लूप लागतो. म्हणजे पाइप उलट्या यूसारखा वर नेऊन माथ्यावर हवेचा लहान व्हॉल्व. तो नसेल तर एकदा पाणी सुरू झालं की सायफनने समुद्र भांड्यात येत राहतो. लूपचा माथा बोट कललेली असतानाच्या पाण्याच्या रेषेच्याही २० सेंमी वर हवा. उभ्या बोटीत मोजून लावला आणि ३० अंशात कलल्यावर तो पाण्याखाली गेला, असं सर्रास होतं. बोटीच्या मध्याजवळ लूप नेला की ही अडचण कमी होते.

बाहेर जाणाऱ्या बाजूचा लूप टॉयलेट आणि सीकॉकच्या मध्ये. आत येणाऱ्या बाजूचा मात्र सीकॉक आणि पंपाच्या मध्ये लावायचा नाही. तिथे लावला की पंप समुद्राऐवजी लूपच्या व्हॉल्वमधून हवा ओढतो, आणि लोक नवा पंप आणतात. पंपातून भांड्याकडे जाणारा आखूड पाइप असतो तो काढा, लांब पाइप घ्या आणि लूप तिथे, पंप आणि भांड्याच्या मध्ये लावा. लव्हॅकसारख्या निर्वातावर चालणाऱ्या टॉयलेटची गोष्ट वेगळी, त्याच्या पाइपातलं बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बुजवलं तर पाणी चढतच राहतं.

सोलंटकरांच्या रचनेत पाइप टाकीच्या माथ्यात उंचावर शिरतो आणि टाकीला हवेची नळी असते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला वेगळा लूप लागत नाही. आतल्या बाजूला लागतोच.

पाइप मैल्यासाठीचा, आतून गुळगुळीत. पन्हाळी पाइप स्वस्त, पण वळ्यांत मैला बसतो. बसवताना टोक दोन मिनिटं गरम पाण्यात धरा, भांडी घासायचा साबण लावा, पिरगळत ढकला. आगीची फुंकणी नको. पाण्याखालच्या प्रत्येक जोडाला दोन क्लिपा, स्क्रूची तोंडं विरुद्ध दिशांना. क्लिप विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा: पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असा माल खूप येतो, चुंबक स्क्रूला चिकटला की परत करा.

तळाला नवं भोक पाडायची वेळ आलीच तर पाणी घेणारं भोक पुढे आणि खाली, टाकणारं मागे. उलट झालं तर आपलंच आपण परत ओढतो. सँडविच बांधणीची (फायबरच्या दोन थरांमध्ये हलका गाभा असलेली) बोट असेल तर भोकाभोवतीचा बाल्सा किंवा फोम २ सेंमी आत कोरून जाड इपॉक्सीने भरा, नाहीतर पाणी झिरपून तळ कुजतो. सीलंट पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन. सिलिकॉन पाण्याखाली नको.

सोलंटकर

पंप किती मारायचा हेही सांगून टाकतो, कारण निम्मी तुंबणी तिथली. ३८ मिमी पाइपात मीटरला १.१ लिटर मावतं. टॉयलेट ते टाकी दोन मीटर पाइप असेल तर मैला टाकीत पोचायला सव्वादोन लिटर ढकलायला हवं. भांडं स्वच्छ दिसलं की लोक थांबतात, मैला पाइपातच उभा राहतो, आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार लघवीशी मिळून आतून दगडासारखा थर धरतात. काही वर्षांत दीड इंचाचा पाऊण इंच होतो.

थरासाठी महिन्याला अर्धा लिटर पांढरा व्हिनेगर, रात्रभर. ब्लीच नको, रबर खातं. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो, त्या कोंदट खोलीत तो जीवावर बेतेल. पंपाच्या रबराला सिलिकॉन किंवा पीटीएफई ग्रीस. व्हॅसलीन नको. जोकर व्हॉल्व, म्हणजे बाहेर जाण्याच्या तोंडाशी असलेला चिरा पाडलेला रबरी तुकडा, दरवर्षी बदला. भांड्यात मागचं पाणी हळूहळू परत येतंय, तर आधी तोच.

खारफुटी

वासाबद्दल एक गैरसमज. सोमवारी ठीक, शनिवारी पहिला पंप मारला की कुजलेल्या अंड्यासारखा भपका, म्हणून लोक टाकी धुवायला घेतात. टाकीचा संबंध नसतो. आत घेणाऱ्या पाइपात आठवडाभर साचलेलं समुद्राचं पाणी, त्यातले सूक्ष्म जीव मेलेले, त्याचा हायड्रोजन सल्फाइड. उपाय: बेसिनचं सांडपाणी टी जोडून टॉयलेटच्या आत येणाऱ्या पाइपात द्या. बोट सोडताना सीकॉक बंद, बेसिनमध्ये दोन लिटर गोडं पाणी, आणि ते टॉयलेटमधून पंप करा. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला टॉयलेट थेट जोडायचं नाही, का ते सांगायला नको.

टाकीला वास येत असेल तर हवेची नळी बघा. १६ मिमीची दिली की ती तुंबते, हवा जात नाही, आत हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात. किमान १९ मिमी, जमलं तर २५, आखूड आणि सरळ. पाइपातूनच वास झिरपतोय का हे बघायला गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळा, गार होऊ द्या, मग फडकं हुंगा.

उलटा_वारा

ठरलं. १० लिटरची पोर्टा पॉटी, जास्तीच्या दोन टाक्या मालवण फेरीसाठी. तीस लिटर, जपून वापरलं तर चार दिवस, मध्ये एकदा रिकामी. दोन्ही सीकॉक काढून भोकं कायमची बुजवणार. टाकी रिकामी करताना आणि भोकं बुजवताना काय चुकतं?

नाखवा_क्र_२

उन्हात कॅबिन तापली की खालच्या टाकीत वायू दाटतो. थेट झडप ओढून बसलात तर खालचं वर उडतं. झाकण बंद ठेवून झडप जराशी उघडा, फुस्स झालं की बंद करा, मग बसा. बोट कललेली असताना वापरायची तर टाकी अर्ध्याच्या वर नको, आणि पुरुषांनीही बसूनच, अपवाद नाही. हाताला धरायला दांडा समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला.

रिकामी घरच्या कमोडमध्ये, हवेचं बटण दाबून, हळू. घरी किंवा मुक्कामी सेप्टिक टँक असेल तर फॉर्मल्डिहाइडवालं निळं औषध वापरू नका, टँकमधले जिवाणू मरतात. एन्झाइमचं किंवा नायट्रेटचं चालतं. झडपेच्या रबराला दर दोन महिन्यांनी सिलिकॉन स्प्रे.

पाना_पक्कड

भोकाभोवती बाहेरून उतार काढायचा तो १२ला १. तळ १० मिमी जाड असेल तर कडेपासून १२० मिमीपर्यंत निमुळता घासायचा. लोक बशीएवढं घासतात, हवं असतं ताटाएवढं. आतून इपॉक्सी लावलेली प्लेट टेकवा आणि बाहेरून चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचकापडाचे गोल तुकडे. एक थर पाऊण ते एक मिमी देतो, म्हणजे १० ते १३ थर. एका दमात चार-पाचच, नाहीतर इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापून भाजते.

हे काम मे महिन्यात, बोट वर आल्यावर पंधरा दिवस भोकं उघडी ठेवून वाळवून करा. जूनपर्यंत ढकललं तर दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवून, कोरडा करून मगच पुढचा थर. नुसतं पॉलिश पेपर मारलं तर मेण आणखी आत घासलं जातं. वरून पॉलिस्टर जेलकोट (फायबरच्या बोटीचा चकचकीत वरचा थर) लावू नका, इपॉक्सीवर तो नीट धरत नाही. इपॉक्सी प्रायमर, मग अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग).